पीपल सर्च संकेतस्थळांवरून आपली आणि घरच्यांची माहिती काढणे

हडसनकाठ (न्यू जर्सी)

या विषयावर इथे अधूनमधून विचारणा होते आणि उत्तरे निरनिराळ्या धाग्यांत विखुरलेली राहतात, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. अमेरिकेत काही वर्षे राहिलेल्या कोणीही आपले नाव आणि गाव गुगलमध्ये टाकून पाहिले, तर स्पोकिओ, व्हाइटपेजेस, ट्रूपीपलसर्च, फास्टपीपलसर्च, रॅडॅरिस या, नावावरून माणसाची माहिती दाखवणाऱ्या ‘पीपल सर्च’ संकेतस्थळांपैकी कोणाचे तरी पान बहुधा पहिल्या एक-दोन पानांतच सापडते. वय, आताचा पत्ता, मागचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक तर तिथे असतातच. शिवाय ‘संभाव्य नातेवाईक’ अशा मथळ्याखाली पती किंवा पत्नी, आईवडील, सासूसासरे आणि कधीकधी विद्यार्थीदशेतला रूममेटसुद्धा मांडून ठेवलेला असतो.

माझे मुख्य म्हणणे असे आहे की हे काम एकट्याचे नसून सगळ्या घराचे आहे. आपण स्वतःचे पान काढून घेतले आणि पत्नीचे किंवा वडिलांचे तसेच राहू दिले, तर त्यांच्या पानावर नातेवाईक म्हणून आपले नाव राहते आणि त्याच पानावर घराचा पत्ताही राहतो. शोधणाऱ्याला एक टिचकी जास्त मारावी लागते, इतकाच काय तो फरक पडतो.

ही माहिती बहुतांशी चोरीची नसते, हे आधी ध्यानात घ्यावे. घराची खरेदीखते काउंटीच्या दप्तरात नोंदली जातात आणि ती कोणालाही पाहता येतात. मतदारयाद्या, न्यायालयीन नोंदी आणि व्यवसाय-नोंदणीची कागदपत्रे यांचेही नियम राज्यागणिक बदलत असले, तरी बराच भाग खुला असतो. त्यात मासिकांच्या वर्गण्या, वॉरंटी कार्डे आणि दुकानांची सवलत कार्डे यांतून तयार झालेल्या याद्या मिसळल्या जातात आणि या सगळ्यावरून यंत्र एकेका माणसाचे पान रचते.

इथेच मराठी घरांची खास अडचण सुरू होते. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते आणि लग्नानंतर स्त्रीच्या कागदपत्रांवर तिथे पतीचे नाव येते. काही घरांत पाळण्यातले नावही लग्नात बदलते. आडनाव एका कागदावर ‘डब्ल्यू’ने सुरू होते, तर दुसऱ्यावर ‘व्ही’ने. परिणामी एकाच बाईची माहेरच्या नावाने, सासरच्या नावाने आणि नुसत्या आद्याक्षरांनी अशी वेगवेगळी पाने तयार होतात, आणि क्वचित पतीचेच नाव धारण करणारी एक काल्पनिक व्यक्तीही त्याच पत्त्यावर नांदू लागते. म्हणून अर्ज करायला बसण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाच्या नावाची सगळी रूपे, जुने पत्ते आणि जुने क्रमांक एका कागदावर लिहून काढावेत. हा कागद नीट झाला की पुढचे काम कंटाळवाणे असले तरी अवघड नाही.

सुरुवात मोठ्या संकेतस्थळांपासून करावी. स्पोकिओवर आपल्या पानाचा दुवा त्यांच्या ऑप्ट-आउट (माहिती काढण्याची मागणी करण्याच्या) पानावर चिकटवावा लागतो आणि इमेलवर आलेल्या पत्रातल्या दुव्यावर टिचकी मारून मागणी पक्की करावी लागते. एकाच माणसाची तीन पाने असतील, तर तिन्हींसाठी स्वतंत्र मागणी करावी लागते. व्हाइटपेजेसची पद्धत निराळी आहे: दुवा दिल्यावर ते आपला दूरध्वनी क्रमांक विचारतात, पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक दिसतो आणि लगेच आलेल्या स्वयंचलित फोनवर तो दाबावा लागतो. इंटेलियस, ट्रूथफाइंडर, इन्स्टंट चेकमेट आणि यूएस सर्च ही चार नावे दिसायला वेगळी असली, तरी ती पीपलकनेक्ट या एकाच कंपनीची आहेत आणि त्यांचे माहिती दडवण्याचे पानही एकच आहे.

या शेवटच्या पानाविषयी एक बारकावा सांगितला पाहिजे. तिथे माहिती ‘दडवणे’ आणि ‘पुसणे’ असे दोन वेगळे पर्याय आहेत. पुसणे अधिक चांगले असावे असे कोणालाही वाटेल. परंतु पुसताना आपली दडवण्याची विनंतीही पुसली जाते, आणि उद्या खुल्या दप्तरातून तीच माहिती पुन्हा आली, तर ती अडवायला त्यांच्याकडे काहीच उरत नाही. मी दडवण्याचाच पर्याय सुचवीन.

हे सगळे अर्ज केवळ याच कामासाठी उघडलेल्या वेगळ्या इमेल पत्त्यावरून करावेत. ऑप्ट-आउटचा दुवा पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत ‘माझी वैयक्तिक माहिती विकू नका’ अशा अर्थाच्या शब्दांत असतो. वरच्या मोठ्या शोधपेटीत नाव टाकल्यास ‘गुन्हेगारी नोंदी तपासत आहोत’ असे सांगणारी पट्टी बराच वेळ सरकत राहते आणि शेवटी पैसे मागितले जातात. त्या वाटेला जाऊच नये.

शेवगा (टेक्सस)

अतिशय उपयुक्त धागा आहे, आभार. दोन शंका आहेत. माझे सासरे फक्त सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते, तरी त्यांचे नाव, वय आणि आमचा पत्ता एका संकेतस्थळावर दिसतो. हे कसे झाले असावे? दुसरी शंका अशी की आमचे एच-१बीचे अर्ज सार्वजनिक असतात असे ऐकले आहे, तेव्हा त्यातूनही माहिती जाते का?

हडसनकाठ

सासऱ्यांचे नाव बहुधा तुमच्यासोबतच्या एखाद्या संयुक्त बँक खात्यामुळे, घरच्या मोबाइल योजनेत घेतलेल्या क्रमांकामुळे किंवा त्यांच्या नावाने मागवलेल्या वस्तूंमुळे पोहोचले असावे. नेमके कारण शोधण्यात वेळ घालवू नये. मात्र त्यांचे पान काढायचे विसरू नये, कारण ज्येष्ठ माणसांचे वय आणि नातेसंबंध ही फसवणुकीचे फोन करणाऱ्यांच्या फार कामाची माहिती असते. ‘तुमचा नातू अडचणीत आहे’ असे सांगून पैसे उकळण्याचा प्रकार अमेरिकेत जुना आहे, आणि असा फोन करणाऱ्याला नातवाचे नाव आयते मिळाले, तर त्याचे निम्मे काम झालेले असते.

एच-१बीविषयी निश्चिंत असावे. श्रम खाते जी माहिती प्रसिद्ध करते तिच्यात कंपनी, पद, कामाचे ठिकाण आणि वेतन असते. कर्मचाऱ्याचे नाव नसते. लहानशा कंपनीत त्या पदावर एकच माणूस असेल, तर वेतनाचा अंदाज कोणी बांधू शकेल, एवढेच.

नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असलेल्यांनी राजकीय देणग्यांकडे मात्र लक्ष ठेवावे. संघराज्य पातळीवरील उमेदवाराला वर्षात किंवा निवडणुकीच्या एका फेरीत एकूण २०० डॉलरहून अधिक दिले, की नाव, व्यवसाय आणि नोकरी देणारी संस्था यांची नोंद निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर येते आणि ती काढता येत नाही. ती माहिती व्यापारी कामासाठी वापरण्यास कायद्याने बंदी आहे, पण बंदी वाचून सगळे थांबतातच असे नाही.

कंदील (शिकागो)

हे काम पैसे घेऊन करून देणाऱ्या सेवांविषयी लिहितो, कारण पुढचा प्रश्न हमखास तोच येणार. कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अशा सेवांची चाचणी प्रसिद्ध केली. ३२ स्वयंसेवकांची माहिती १३ पीपल सर्च संकेतस्थळांवर तपासली गेली. हाताने केलेल्या अर्जांनी आठवड्याभरात सुमारे ७० टक्के नोंदी गेल्या. पैसे घेणाऱ्यांपैकी ऑप्टेरी आणि ईझीऑप्टआउट्स या दोन सेवा त्याच्या जवळपास पोहोचल्या, आणि त्यांतली दुसरी तर वर्षाला सुमारे २० डॉलर एवढ्याच पैशांत मिळते. काही महागड्या सेवांची कामगिरी अगदीच नगण्य होती. जास्त पैसे म्हणजे चांगले काम हे समीकरण इथे चालत नाही.

विश्वासाचा प्रश्न त्याहून मोठा आहे, कारण या सेवेच्या हाती आपण घरातल्या सगळ्यांची नावे, पत्ते आणि जन्मतारखा आपल्या हातांनी देत असतो. मार्च २०२४ मध्ये ब्रायन क्रेब्स या पत्रकाराने उघड केले की वनरेप या माहिती काढून देणाऱ्या कंपनीच्या संस्थापकानेच पूर्वी डझनावारी पीपल सर्च संकेतस्थळे सुरू केली होती, आणि त्यांपैकी न्यूबरमध्ये आपला मालकीहिस्सा अजून असल्याचे त्याने मान्यही केले. त्या वेळी मोझिलाची सशुल्क सेवा वनरेपच्याच जोरावर चालत होती. कुंपणच शेत खाते म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

माझे मत असे की पहिली फेरी स्वतः हाताने करावी, म्हणजे आपली कोणती माहिती कुठे पडली आहे हे नीट कळते. नंतरची देखभाल हवी तर स्वस्त सेवेकडे सोपवावी.

फटकळ (ओहायो)

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हा सगळा खटाटोप म्हणजे वरातीमागून घोडे आहे. २०२४ मध्ये नॅशनल पब्लिक डेटा या कंपनीकडून सोशल सिक्युरिटी क्रमांकांसह प्रचंड माहिती फुटली, ती इंटरनेटवर फिरली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ज्यांनी सगळे अर्ज निष्ठेने भरले होते, त्यांचीही माहिती त्या कंपनीकडे असू शकते. मग रविवारची सकाळ अर्जांत का घालवावी?

कंदील

फटकळराव, मुद्दा खोटा नाही, परंतु आपण दोन वेगळ्या धोक्यांची गाठ मारली आहे. फुटलेल्या माहितीचा धोका म्हणजे कोणी आपल्या नावाने कर्ज काढणे. त्यावरचा उपाय म्हणजे इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही पतनोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे क्रेडिट गोठवणे, म्हणजे नवे कर्ज देणाऱ्याला आपली पतनोंद पाहता येणार नाही अशी सोय करणे. सप्टेंबर २०१८ पासून कायद्याने तो संपूर्ण देशात मोफत आहे. ज्यांनी तो अजून केला नसेल, त्यांनी हा धागा वाचणे थांबवून आधी तो करावा.

पीपल सर्चचा धोका वेगळ्या माणसांकडून असतो. चिडलेला भाडेकरू, नोकरीवरून काढलेला सहकारी, लग्नाला नकार मिळालेला इसम किंवा समाजमाध्यमावरच्या वादातून पेटलेला अनोळखी माणूस फुटलेल्या माहितीचे गठ्ठे उकरत बसत नाही. तो नाव गुगलमध्ये टाकतो आणि पहिल्या पानावर पत्ता मिळाला तर गाडी काढतो. अशा माणसाला पहिल्या पानावर काही न मिळणे यालाच मोल आहे.

सोनटक्का (बे एरिया)

कॅलिफोर्नियावासीयांसाठी स्वतंत्र नोंद करते. २०२३ च्या डिलीट ॲक्टनुसार राज्याच्या गोपनीयता संरक्षण संस्थेने ‘ड्रॉप’ नावाचे एक सरकारी पोर्टल १ जानेवारी २०२६ पासून खुले केले आहे. आपण राज्याचे रहिवासी असल्याचे सिद्ध करायचे, नाव, जन्मतारीख, झिपकोड, इमेल आणि दूरध्वनी द्यायचे आणि एकच मागणी नोंदवायची. ती राज्यात नोंदणी असलेल्या पाचशेहून अधिक डेटा ब्रोकरांना (लोकांच्या माहितीचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांना) लागू होते. ब्रोकरांनी १ ऑगस्ट २०२६ पासून या मागण्या उचलायच्या आहेत आणि त्यानंतर किमान दर ४५ दिवसांनी यादी पुन्हा तपासायची आहे. न पाळल्यास प्रत्येक मागणीमागे दररोज २०० डॉलर दंड आहे. दर ४५ दिवसांची ही अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण एकदा गेलेली नोंद पुन्हा उगवणे हीच या धंद्याची खरी पीडा आहे.

तरीही यातली फट समजून घ्यावी. सरकारी दप्तरातून कायदेशीररीत्या मिळालेली खुली माहिती कायद्याने यातून वगळली आहे. म्हणजे खरेदीखतावरून आलेले नाव आणि पत्ता ब्रोकर ठेवू शकतो. म्हणून हडसनकाठ यांनी सांगितलेले हाताने करायचे अर्ज कॅलिफोर्नियातही सुटत नाहीत, फक्त त्यांची संख्या कमी होते.

अवांतर: ही संकेतस्थळे तळाशी ‘आम्ही पतमाहिती देणारी संस्था नाही, नोकरी किंवा भाडेकरू निवडण्यासाठी ही माहिती वापरू नये’ असे लिहितात, कारण तसे असते तर पतमाहितीच्या वापराचे नियम घालून देणारा १९७० चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट त्यांना लागू झाला असता. स्पोकिओने आपली पाने नोकरभरती करणाऱ्यांना विकल्यावरून २०१२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने त्यांच्याकडून आठ लाख डॉलर वसूल केले. ट्रूथफाइंडर आणि इन्स्टंट चेकमेट यांना २०२३ मध्ये ५८ लाख डॉलर भरावे लागले. नुसत्या वाहतूक दंडाच्या पावतीवरून ‘या व्यक्तीच्या गुन्हेगारी नोंदी असू शकतात’ अशी हवा ते करत असत, हा त्यातला एक आरोप होता. दुसरा आरोप अधिक बोलका आहे: ‘काढून टाका’ हे बटण दाबले की ती माहिती फक्त बटण दाबणाऱ्या ग्राहकाला दिसेनाशी होई, बाकी जगाला ती दिसतच राही. घरमालकाने अशा पानावरून आपल्याला घर नाकारले असे कळल्यास गप्प बसू नये, कमिशनकडे तक्रार नोंदवावी.

रानजाई (न्यू जर्सी)

कंदील यांनी ज्या माणसांचा उल्लेख केला, त्यांच्याविषयी थोडे लिहिते. मी घरगुती हिंसाचारातून बाहेर पडणाऱ्या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी स्वयंसेवी काम करते. तिथे येणाऱ्या स्त्रीला क्रमाचे भान ठेवावे लागते. तिने आधी आपल्या पानाची पडद्यावरची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवावीत, कारण पुढे संरक्षणाचा आदेश मागताना तो पुरावा लागू शकतो. नंतर राज्याच्या पत्ता-गोपनीयता योजनेत नाव नोंदवावे. अशी पहिली योजना १९९१ मध्ये वॉशिंग्टन राज्यात सुरू झाली; आता ती बहुतेक राज्यांत आहे आणि कॅलिफोर्नियात तिला ‘सेफ ॲट होम’ म्हणतात. तीत राज्य एक पर्यायी टपाल पत्ता देते आणि सरकारी कार्यालयांना तो स्वीकारावा लागतो. पान काढण्याचे अर्ज त्यानंतर करावेत. नवे घर घेऊन, नवा पत्ता नेहमीसारखा सगळीकडे देऊन मग अर्ज करत बसल्यास काही आठवड्यांतच नवा पत्ताही त्या पानांवर चढतो.

आणि अशा स्त्रीच्या बाबतीत हडसनकाठ यांचा घराचा मुद्दा दुपटीने खरा ठरतो. तिचे स्वतःचे नाव गेले, तरी ती ज्या बहिणीकडे राहायला गेली तिचे पान उघडे असते आणि शोधणाऱ्याला बहिणीचे नाव ठाऊक असतेच.

पत्त्यामुळे जीव जातो, तेव्हाच कायदे हलतात असा या देशाचा अनुभव आहे. १९८९ मध्ये रेबेका शेफर या अभिनेत्रीचा खून झाला. खुन्याने तिचा पत्ता खासगी गुप्तहेरामार्फत कॅलिफोर्नियाच्या वाहन खात्यातून मिळवला होता, आणि पुढे १९९४ मध्ये वाहन परवान्यांची माहिती झाकणारा संघराज्याचा कायदा झाला. आमच्या न्यू जर्सीत जुलै २०२० मध्ये न्यायाधीश एस्थर सालास यांच्या दारात सामान पोहोचवणाऱ्याच्या वेशात आलेल्या माणसाने त्यांचा वीस वर्षांचा मुलगा डॅनियल याला गोळ्या घातल्या. त्याच वर्षी झालेल्या ‘डॅनियल्स लॉ’नुसार न्यायाधीश, सरकारी वकील, पोलीस आणि त्यांचे कुटुंबीय यांनी मागणी केल्यास कामकाजाच्या दहा दिवसांत पत्ता काढावा लागतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी पोलीस किंवा सरकारी वकील असतील, तर त्यांनी या कायद्याचा हवाला देऊन अर्ज करावा. साध्या अर्जापेक्षा त्याचा परिणाम फार लवकर दिसतो.

उत्तररात्र (स्टॉकहोम)

युरोपात जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा असल्यामुळे आम्ही सुखी असू, असा समज अमेरिकेतल्या मित्रांत दिसतो. स्वीडनपुरता तो सोडून द्यावा. हिटा, एनिरो, रात्सित, मिस्टरकॉल ही संकेतस्थळे माणसाचे नाव, पत्ता, वाढदिवस आणि त्या घरात आणखी कोण राहते हे राजरोस दाखवतात. त्यांनी ‘युतगिव्हनिंग्सबेव्हिस’ नावाचा प्रकाशन परवाना घेतलेला असतो आणि त्यामुळे त्यांना वृत्तपत्रांसारखे घटनात्मक संरक्षण मिळत आले आहे. प्रत्यक्ष धमकी असेल तर कर खात्याकडे संरक्षित नोंदणीचा अर्ज करता येतो. इतरांच्या हाती फारसे काही नाही.

शनिवारपेठी (पुणे)

आमच्याकडे अमेरिकेसारखा पीपल सर्चचा धंदा फोफावलेला नाही, परंतु कच्चा माल भरपूर आहे. मतदारयादीत नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक आणि वय असते. मालमत्तेच्या दस्तांचा शोध नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घेता येतो आणि सातबारा घरबसल्या दिसतो. परदेशस्थ मंडळींनी गावाकडच्या जमिनीच्या निमित्ताने आपली नावे कुठे कुठे आली आहेत, हे एकदा पाहून ठेवावे.

ट्रूकॉलरवरून क्रमांक काढायचा असेल, तर आधी ॲपमधले खाते बंद करावे लागते आणि मग त्यांच्या संकेतस्थळावर क्रमांक यादीतून काढण्याची मागणी करावी लागते. नुसते ॲप काढून टाकल्याने काही होत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती पुसण्याची मागणी करण्याचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. मात्र जी माहिती आपण स्वतः जाहीर केली किंवा कायद्याने जाहीर करणे भाग होते, ती या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे सोनटक्काताईंनी कॅलिफोर्नियात दाखवलेली फट इथेही आहेच.

शेवगा

सर्वांचे आभार. गुगलचा उल्लेख राहिला असे वाटते. आणि आम्ही पुढच्या काही महिन्यांत घर घेणार आहोत, तेव्हा खरेदीखतावर नाव येऊच नये यासाठी काही करता येते का?

हडसनकाठ

गुगलमध्ये ‘रिझल्ट्स अबाउट यू’ ही सोय आहे. तिच्यात नाव, पत्ता आणि क्रमांक देऊन ठेवल्यास ते कुठे दिसले की सूचना येते आणि तो निकाल हटवण्याची मागणी तिथल्या तिथे करता येते. मूळ पान मात्र जागेवर राहते, म्हणून आधी मूळ संकेतस्थळावर अर्ज करावा. पान गेल्यानंतरही गुगलमध्ये जुना मजकूर दिसत असल्यास कालबाह्य निकाल ताजे करण्याचे वेगळे पान आहे, ते वापरावे. एखाद्या संकेतस्थळाने ओळखपत्र मागितले, तर छायाचित्र आणि क्रमांक काळे करून फक्त नाव व पत्ता दिसेल अशी प्रत द्यावी.

घराबाबत जे करायचे ते व्यवहार पुरा होण्यापूर्वी करावे लागते. काही जण घर ट्रस्टच्या नावे घेतात, आणि तसे घेताना ट्रस्टच्या नावात आडनाव घालू नये. ‘अमुक कुटुंब ट्रस्ट’ असे नाव ठेवल्यावर झाकले काय? आपल्या नावाने घेतलेले घर नंतर ट्रस्टकडे वर्ग करता येते, आणि स्वतः राहत असलेले घर स्वतःच्याच ट्रस्टला दिल्यास १९८२ च्या संघराज्य कायद्यामुळे बँक त्या कारणासाठी सगळे कर्ज एकदम मागू शकत नाही. परंतु पहिले खरेदीखत दप्तरात कायमचे राहते. कर्ज काढून घर घेणाऱ्यांचे गहाणखतही कर्जदाराच्या नावाने नोंदले जाते, त्यामुळे ट्रस्टने झाकलेले नाव तिथून बाहेर पडू शकते. एवढा खर्च आपल्या परिस्थितीत करावा का, हे तुमच्या काउंटीतल्या मालमत्ता वकिलाला विचारून ठरवावे. कोणताही विशेष धोका नसलेल्या घराला त्याची गरज नाही असे मला वाटते. त्यापेक्षा घरात राहायला गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी सगळ्यांच्या नावांचा तो कागद काढून मोठी संकेतस्थळे पुन्हा तपासावीत, कारण नवी नोंद साधारण त्याच सुमारास तिथे चढू लागते.